कोब्यावर कार्पेट टाकताय? आधी खालची ओल बघा

दसरा-दिवाळीच्या तोंडावर आणि पुन्हा लग्नसराईत तालुक्याच्या बाजारपेठेत कार्पेटचे रोल दुकानाबाहेर उभे दिसू लागतात. घरकुल पूर्ण झालेलं असतं, खाली नुसता सिमेंटचा कोबा असतो, फरशीला पैसे उरलेले नसतात आणि घरी पाहुणे यायचे असतात. अशा वेळी कार्पेट हा स्वस्त आणि झटपट उपाय वाटतो. एका दुपारी खोलीचं रूप पालटतं, हे खोटं नाही. पण पुढच्या श्रावणात त्याच घरात गेलं तर अनेकदा कुबट वास येतो, कडा वर वळलेल्या असतात आणि कोपरा उचलून पाहिला तर खाली काळी बुरशी असते. मग माल हलका निघाला म्हणून दुकानदाराशी वाद होतो. माल हलका असतोही कधी कधी. बहुतेक वेळा मात्र खरं कारण कोब्याखालून वर येणारी ओल हेच असतं.

कार्पेट म्हणजे नेमकं काय

गावाकडे कार्पेट हा एकच शब्द तीन वेगळ्या वस्तूंना वापरला जातो. पहिली म्हणजे पीव्हीसीची प्लास्टिक मॅट. तिच्यावर लाकडाची, संगमरवराची नाहीतर टाइलची नक्षी छापलेली असते. घरात बहुतेक हीच टाकतात. दुसरं म्हणजे लग्नाच्या मांडवात अंथरतात तसलं लाल-हिरवं, दाबलेल्या धाग्यांचं कापडी कार्पेट. मंदिराचा सभामंडप, वाचनालय, अंगणवाडी अशा ठिकाणी हे दिसतं. तिसरा लव असलेला जाड गालिचा. तो हॉटेलात आणि शहरातल्या ऑफिसात असतो, त्याच्याखाली फोमचा थर टाकतात आणि भिंतीकडेने खिळ्यांच्या लाकडी पट्ट्या ठोकून तो ताणून बसवतात. आपल्याकडच्या धुळीत आणि पावसात या तिसऱ्या प्रकाराच्या नादी न लागलेलंच बरं.

प्लास्टिक मॅटमध्येही फरक असतो. काहींची मागची बाजू गुळगुळीत असते, काहींना मागे कापडी किंवा लोकरीसारखा थर असतो. हा मागचा थर पायाला मऊ लागतो, म्हणून गिऱ्हाईक त्यावर भुलतं. पण ओलसर कोब्यावर तोच थर पाणी धरून ठेवतो. ज्या घरात थोडीही ओल आहे तिथे मागे कापड असलेली मॅट घेऊ नये.

ओल येते कुठून

कोबा दिसायला दगडासारखा असला तरी त्याला बारीक छिद्रं असतात. जमिनीतला ओलावा या छिद्रांतून हळूहळू वर चढतो आणि हवेत उडून जातो. कोबा उघडा असतो तोवर हे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण जितकं वर येतं तितकं सुकून जातं. शेणाने सारवलेल्या जमिनीचंही तसंच होतं, ती श्वास घेते असं म्हातारी माणसं म्हणायची ते याच अर्थाने. त्यावर प्लास्टिक अंथरलं की वाट बंद होते. ओलावा वर येतच राहतो, पण बाहेर पडू शकत नाही. तो मॅटखाली साठतो. कोब्यातला सिमेंटचा क्षार त्या पाण्याबरोबर वर येतो आणि डिंक सोडवतो. खाली राहिलेल्या धुळीवर बुरशी धरते. म्हणजे ओल आधीपासूनच होती, कार्पेटने ती कोंडली एवढंच.

कापडी कार्पेटचं उलटं होतं. त्यातून ओल वर येते, पण येता येता धागे भिजवते. तो ओलसर धागा, त्यातली माती आणि वर बसणारी लहान मुलं हे चांगलं नाही. घरात दमा किंवा जुना खोकला असलेलं माणूस असेल तर पावसाळ्यात अशा खोलीत त्याचा त्रास वाढू शकतो.

आता ओल जास्त कुठे असते ते बघू. ज्या घराचं जोतं खाली आहे तिथे हमखास. गावातला रस्ता जुन्यावर नवा थर देत उंच होत जातो आणि कडेची जुनी घरं खाली जातात. हे जवळपास प्रत्येक गावात आहे. रस्त्याचं पाणी मग उंबऱ्याशी थांबतं. पत्र्याच्या पागोळ्या थेट भिंतीच्या पायाशी पडत असतील, मोरीचं पाणी चारीने लांब न जाता भिंतीलगत मुरत असेल, भिंतीच्या पलीकडे जनावरांचा हौद किंवा उकिरडा असेल, तर त्या बाजूची खोली ओलसर राहणारच. भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांत रंगाचे पोपडे सुटलेत, पांढरा लोणा फुटलाय, तर वेगळी परीक्षा करायची गरजच नाही. भिंतीनेच सांगून टाकलेलं असतं.

युरियाच्या गोणीची परीक्षा

ज्यांच्या भिंती स्वच्छ आहेत त्यांनीही कार्पेट आणण्याआधी एक साधी परीक्षा करून घ्यावी. हिला काही खर्च नाही. खताच्या गोणीच्या आत जी प्लास्टिकची पिशवी असते ती धुऊन, वाळवून तिचा दीड फूट लांब-रुंद चौकोनी तुकडा कापा. आरपार दिसणारं दुसरं कुठलंही जाड प्लास्टिक चालेल. कोबा झाडून स्वच्छ करा, तुकडा त्यावर अंथरा आणि चारही कडा रुंद चिकटपट्टीने अशा बंद करा की हवा आत जाणार नाही. हा तुकडा कमीत कमी सोळा तास तसाच ठेवायचा. संध्याकाळी लावून दुसऱ्या दिवशी दुपारी काढला तर उत्तम. त्यावर ऊन पडता कामा नये.

काढल्यावर प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब दिसले किंवा कोब्याचा तेवढा चौकोन गडद झाला, तर ओल जमिनीतून येते आहे. थेंब वरच्या बाजूला असतील तर ती हवेतली दमट आहे, जमिनीची नाही. मृगाच्या सुरुवातीला गार कोब्याला घाम फुटल्यासारखा दिसतो तो प्रकार हाच. तेवढ्यावरून घाबरून जायचं कारण नाही.

ही परीक्षा एका जागी करून भागत नाही. खोलीचा मधला भाग, बाहेरच्या भिंतीचा कोपरा आणि मोरीकडची बाजू अशा तीन जागा तरी घ्याव्यात. आणि वेळ फार महत्त्वाची. एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला गेलेल्या असतात, आजूबाजूची जमीन भेगाळलेली असते, तेव्हा जवळजवळ प्रत्येक कोबा कोरडा निघतो. लग्नसराईत कार्पेट टाकणारे इथेच फसतात. खरी परीक्षा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, जमीन पाणी पिऊन बसलेली असताना. ज्यांना उन्हाळ्यातच टाकायचं आहे त्यांनी मागच्या पावसाळ्यात त्या खोलीत काय होत होतं ते आठवावं. जमिनीवर ठेवलेलं पोतं खालून ओलं व्हायचं का? अंथरूण सकाळी गार-दमट लागायचं का? घरातल्या बायकांना हे बरोबर माहीत असतं, त्यांना विचारा.

नव्या कोब्याची घाई

घरकुलात हा प्रश्न जास्त येतो. कोबा टाकल्यावर पाणी मारणं आणि कोबा वाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे मिळणारं बरंचसं सिमेंट पीपीसी म्हणजे राख मिसळलेलं असतं. अशा सिमेंटला किमान दहा दिवस ओलं ठेवायला पाहिजे, नाहीतर कोबा पिठूळ होतो आणि पायाला कायम धूळ लागते. ताकदीचा हिशेब २८ दिवसांचा धरतात. त्यामुळे महिना झाला, आता कार्पेट टाकायला हरकत नाही, असा समज झाला आहे. ताकद आली म्हणजे पाणी गेलं असं नाही. वाळण्याचा ढोबळ हिशेब असा की पाणी मारणं थांबवल्यावर एक इंच जाडीला साधारण एक महिना. दोन इंची कोबा असेल तर दोन महिने, आणि तेही कोरड्या दिवसांत. पावसाळ्यात हा हिशेब लांबतो. गृहप्रवेशाला नव्या कोब्यावर काही अंथरायचंच असेल तर सतरंजी अंथरावी. संध्याकाळी उचलता येते.

ओल निघाली तर काय

आधी घराबाहेर जा. निम्मा उपाय तिथे असतो. पत्र्याला पन्हळ लावून पागोळ्यांचं पाणी एका बाजूला काढा. मोरीचं पाणी पाइपने भिंतीपासून लांब न्या. भिंतीलगत दोन-तीन फूट रुंदीचा, बाहेर उतार असलेला सिमेंटचा पट्टा करा म्हणजे पावसाचं पाणी पायात मुरणार नाही. रस्ता उंच झाला असेल तर उंबऱ्यापुढे चारी हवीच, आणि ती ग्रामपंचायतीच्या गटाराला जोडलेली हवी. नाहीतर चारीच पाणी साठवते. एवढं करून एक पावसाळा जाऊ द्या आणि मग पुन्हा गोणीची परीक्षा करा.

हे करूनही खोलीभर ओल राहत असेल तर खरा इलाज खालूनच करावा लागतो. जुना कोबा फोडायचा, खाली दगडाची सोलिंग आणि मुरूम चांगला धुम्मस करून घ्यायचा, त्यावर १००० गेज म्हणजे २५० मायक्रॉनचं प्लास्टिक कडा भिंतीवर चढवून अंथरायचं आणि मग नवं काँक्रीट. प्लास्टिकच्या जोडावर किमान एक फूट एकमेकांवर यायला हवं. खर्चाचं काम आहे. पण नवं घर बांधणाऱ्याने कोबा टाकायच्या आधीच हे प्लास्टिक अंथरलं तर पूर्ण बांधकामाच्या मानाने खर्च अगदी किरकोळ येतो. मिस्त्री बऱ्याचदा ते सुचवत नाहीत, मालकानेच सांगावं लागतं.

वरून मारायचे वॉटरप्रूफ रंग दुकानात मिळतात. गच्चीवर पाणी वरून खाली येतं, तिथे त्यांचा उपयोग आहे. जमिनीत ओल खालून ढकलते, त्यामुळे साधा रंगाचा थर फुगून सुटतो. गच्चीचा उरलेला डबा कोब्यावर मारून काम भागेल अशी आशा धरू नये.

आणि ज्याला यातलं काहीच परवडत नाही त्याने कार्पेट चिकटवू नये. उचलता येतील अशा सुट्या चटया, सतरंजी अंथराव्यात. पैसे साठले की शहाबादी फरशी घ्यावी. शहाबादीलाही ओल लागते, डाग पडतात, पण ती कुजत नाही.

कोबा सपाट नसला तर

कोबा कोरडा आहे याची खात्री झाली की मग तो सपाट आहे का बघायचं. गवंड्याकडची अॅल्युमिनियमची सरळ पट्टी आणा आणि खोलीभर सगळीकडे टेकवून बघा. दोन मीटरच्या पट्टीखाली तीन मिलिमीटरपर्यंत फट चालते. एकावर एक ठेवलेली दोन नाणी आत सहज सरकत असतील तर तो खड्डा भरून घ्यावा लागेल. पातळ मॅटखाली खडासुद्धा उमटतो, आणि त्या उंचवट्यावर पाय घासून मॅट तिथेच आधी फाटते.

खड्डा भरताना दोन चुका नेहमी होतात. एक म्हणजे सिमेंट-पाण्याची लापशी करून नुसती वरून ओतणं. जुन्या गुळगुळीत कोब्यावर असा पातळ थर धरत नाही, महिनाभरात त्याच्या पापड्या निघतात. आधी छन्नीने टाचे मारायचे, धूळ काढायची, जागा ओली करायची आणि सिमेंटच्या कालवणात जोड धरणारं लॅटेक्स मिसळायचं. हे द्रव हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, किती मिसळायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं. दुसरी चूक भिंतीची पुट्टी वापरण्याची. पुट्टी भिंतीसाठी आहे, पायाखाली तिचा भुगा होतो.

काळ्या जमिनीच्या पट्ट्यात भेगांचा वेगळाच ताप आहे. काळी माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर पुरेसा मुरूम न भरता कोबा टाकला असेल तर दरवर्षी तो हलतो. अशी भेग सिमेंटने भरली तरी पुढच्या मे महिन्यात पुन्हा उघडते. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहून ठेवली की वर्षभरात ती वाढते की थांबली ते कळतं. वाढणारी भेग असेल तर त्या खोलीत मॅट डिंकाने चिकटवू नका, नुसती अंथरा. वाळवीही अशाच भेगांतून वर येते. प्लास्टिक ती खात नाही, पण मॅटखालून कोणाला न दिसता चौकटीपर्यंत, कपाटापर्यंत जाते. चिकटवलेली नसेल तर दर दोन-तीन महिन्यांनी कोपरा उचलून मातीच्या नळ्या दिसतात का बघता येतं.

माप घेताना

घर दहा बाय बाराचं असं आपण म्हणतो ते बऱ्याचदा भिंतींसकट असतं. माप आतून घ्या, प्रत्येक बाजूचं दोन ठिकाणी घ्या आणि मोठं धरा, कारण खोल्या काटकोनात क्वचितच असतात. रोलचा पन्हा साधारण सहा ते साडेसहा फूट असतो. तो दुकानात विचारून, मोजून घ्या.

समजा खोली आतून साडेनऊ बाय साडेअकरा फूट आहे आणि पन्हा सहा फुटी. पट्टे लांबीच्या दिशेने टाकले तर बारा-बारा फुटांचे दोन तुकडे लागतात, म्हणजे २४ फूट माल. तेच पट्टे आडवे, साडेनऊच्या दिशेने टाकले तर दहा-दहा फुटांचे दोन तुकडे, २० फूट माल. दोन्हीकडे खोली भरते, पण आडव्या पट्ट्यांत चार फूट माल वाचतो. चौरस फुटांचा हिशेब करून माल घेणाऱ्याला हे कधी दिसत नाही. नक्षीचा माल असेल तर दुसऱ्या पट्ट्याला नक्षी जुळवायला थोडा जादा घ्यावा लागतो. दोन्ही पट्टे एकाच रोलमधले घ्या. वेगळ्या रोलच्या रंगात थोडा फरक पडतो आणि तो घरी आणल्यावर दिसतो.

घरकुलाचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर म्हणजे साधारण २७० चौरस फूट आहे. त्यात स्वयंपाकाची जागा धरलेली असते. सगळीकडे कार्पेट टाकायचं नसल्याने प्रत्यक्षात माल बराच कमी लागतो. कुठे टाकायचं नाही ते पुढे आहे.

टाकायच्या दिवशी

रोल आदल्या दिवशी आणून त्याच खोलीत उलगडून ठेवायचा. गुंडाळलेल्या मॅटला बाक असतो, रात्रभरात तो बसतो. थंडीत मॅट कडक होते आणि जोर दिला तर चिरते. सकाळचं कोवळं ऊन दिलं की नरम पडते, पण दुपारच्या उन्हात पसरून ठेवू नका, ती ताणली जाते आणि रात्री पुन्हा आकसते.

कोबा दोनदा झाडायचा आणि ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्यायचा. मॅट भिंतीपेक्षा दोन-तीन इंच जास्त ठेवून पसरायची, मग कडेला दाबून, लोखंडी पट्टी धरून नव्या पात्याच्या कटरने कापायची. पातं बोथट झालं की लगेच बदला, दहा-वीस रुपयांच्या पात्यासाठी मॅटची कड फाटते. भिंतीपाशी बोटाच्या अर्ध्या पेराएवढी नाही, पण चार-पाच मिलिमीटरची फट राहू द्यायची. प्लास्टिक उष्णतेने वाढतं. पत्र्याच्या घरात तर जास्तच, आणि जागा नसली की मध्ये फुगा येतो.

दोन पट्ट्यांचा जोड नीट यायला एक युक्ती आहे. दुसरा पट्टा पहिल्यावर इंचभर चढवायचा, नक्षी जुळवायची आणि पट्टी धरून दोन्ही थर एकाच वेळी कापायचे. वरची आणि खालची चिंधी काढून टाकली की दोन्ही कडा एकमेकींना तंतोतंत बसतात. हा जोड दाराच्या वाटेवर नको. खिडकीतून उजेड येतो त्या दिशेने जोड ठेवला की तो कमी दिसतो.

डिंक लावायचा की नाही? छोट्या खोलीत दोन मिलिमीटरच्या आसपास जाड मॅट नुसती अंथरली तरी बसते. दाराशी आणि जोडाखाली दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप पुरते. पातळ मॅट सरकते, वळते, तिला डिंक लागतो. सुतारकामाचा पांढरा फेविकॉल इथे चालत नाही, पाणी लागलं की तो पुन्हा पांढरा, मऊ होतो. रबरचा पिवळसर डिंक कोब्याला आणि मॅटला दोन्हीकडे लावून, बोटाला ओला लागणार नाही इतका सुकू द्यायचा आणि मग चिकटवायचं. एकदा बसली की मॅट सरकवता येत नाही, म्हणून एका टोकाकडून हळूहळू सोडत जायचं.

या रबरी डिंकाची वाफ पेट घेते. दारं-खिडक्या उघडी ठेवा, चूल, गॅस, देवापुढचा दिवा आधी विझवा, आणि काम करणाऱ्याला त्या खोलीत बिडी ओढू देऊ नका. पोरं आणि गरोदर बाई त्या दिवशी शेजारी गेलेली बरी. वास जाईपर्यंत त्या खोलीत झोपू नये.

आणि दार. मॅटच्या जाडीने दार अडतं हे सगळं चिकटवून झाल्यावर कळतं. आधी मॅटचा तुकडा खाली ठेवून दार फिरवून बघा. उंबऱ्याशी मॅटची कड उघडी ठेवली तर म्हाताऱ्या माणसाचा पाय तिथेच अडकतो. अॅल्युमिनियमची पट्टी स्क्रूने मारून ती कड दाबून घ्या. घरात कोणी काठी घेऊन चालत असेल तर या पट्टीत कंजुषी नको.

कुठे टाकू नये

चुलीजवळ नाही. निखारा पडला की प्लास्टिक मॅट वितळते, आणि पीव्हीसी पेटलं तर धुरात आम्लाचा वायू असतो, तो छातीला फार वाईट. चुलीभोवती दोन-तीन हात कोबा उघडाच ठेवा. गॅसच्या शेगडीपुढेही तेच. देव्हाऱ्यापुढे समई, निरांजन, उदबत्ती असते, तिथे शहाबादीचा एक तुकडा ठेवला तर दिसतंही चांगलं. मंदिराच्या सभामंडपात कापडी कार्पेट भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवण्यापेक्षा सुट्या पट्ट्या बऱ्या. आरतीच्या वेळी गाभाऱ्यापुढची पट्टी गुंडाळून ठेवता येते.

मोरीपाशी आणि पाण्याच्या माठाखाली नाही. ओली प्लास्टिक मॅट निसरडी होते. जिथे धान्याची पोती थप्पीने ठेवतात तिथेही नको. पोत्यांना खालून हवा लागत नाही आणि मॅटवर वजनाचे खड्डे पडतात. पोती लाकडी फळ्यांवरच हवीत. लोखंडी कपाट, शिलाई मशीन यांच्या पायांखाली प्लायवूडचे छोटे तुकडे द्या.

रबरी पायपुसणं प्लास्टिक मॅटवर कायमचं ठेवलं तर त्याखाली पिवळा डाग पडतो. तो धुऊन जात नाही. कापडी पायपुसणं ठेवा. मॅट चकाकावी म्हणून काही घरांत रॉकेल किंवा डिझेलचा बोळा फिरवतात. त्याने मॅट खराब होते आणि घरात आगीला निमंत्रण मिळतं. साध्या पाण्यात थोडा भांड्यांचा साबण पुरे, फक्त फडकं घट्ट पिळलेलं हवं.

घरात पाणी शिरलं तर

मोठ्या पावसात उंबऱ्यावरून पाणी आलं, तर मॅट वरून पुसून गप्प बसू नका. त्याच दिवशी उचला. दोन्ही बाजू पुसून सावलीत उभी करा, कोबा दोन-तीन दिवस पंखा लावून उघडा राहू द्या आणि पूर्ण रंग फिका झाल्यावरच परत अंथरा. कापडी कार्पेट एक-दोन दिवसांत वाळलं नाही तर त्यात बुरशी सुरू होते. नंतर ऊन दाखवलं तरी वास जात नाही. गटाराचं पाणी शिरलेलं कापडी कार्पेट मात्र धुऊन वापरायचा मोह टाळा, ते टाकूनच द्यावं. मॅट उचलताना हातात काठी ठेवा, पावसाळ्यात कडेच्या फटीखाली विंचू बसलेले असतात.